तिरक्या डोक्याचा टेपरेकॉर्डर

"आली बघ."

एवढंच म्हणून आत्याबाई गप्प व्हायच्या. मधल्या खोलीच्या उंबऱ्याशी माझं पाऊल वाजायचा अवकाश, आतला सूर तुटायचा आणि रबरी बटणांची टपटप थांबायची. आत्याबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसायच्या. रेवती टीव्हीच्या काचेकडे बघत राहायची. मी चहाचे कप ठेवायचे आणि परत फिरायचे. चुलीपाशी पोचेपर्यंत सूर पुन्हा लागलेला असायचा. भिंतीपलीकडून शब्द कळत नसत. नुसता झोका ऐकू यायचा, वर जाणारा, खाली येणारा. त्या झोक्याच्या नादात दूध हमखास उतू जायचं.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, आणि रेवती माझी धाकटी जाऊ. साल अठ्ठ्याऐंशी, गाव विटं.

मी लग्न होऊन आले तेव्हा त्या घरात जातं फिरत होतं. सासू-सून समोरासमोर बसायचो, एका खुंट्याला दोघींचे हात. आत्याबाईंनी ओवीचं पहिलं चरण टाकायचं, मी दुसरं उचलायचं. त्यांचा आवाज भरड होता, बाजरीसारखा, पण त्यात ऊब असायची. पुढे कोपऱ्यावर पिठाची गिरणी आली. जातं जिन्याखाली गेलं, त्याच्यावर पाण्याची घागर बसली, आणि आत्याबाई गायच्या थांबल्या. मी कधी विषय काढला तर म्हणायच्या, दगड फिरल्याबिगर गळा फिरत नाही गं इंदू.

मग रेवती आली. पुण्याची, सायन्स शिकलेली. तिच्या भावानं लग्नात विलायतेहून तिला एक घरगुती कॉम्प्युटर आणला होता. काळी चपटी पेटी, ताटाएवढी, वर रबरी बटणं. ती टीव्हीला जोडायची. त्या पेटीला स्वतःची आठवण म्हणून नव्हती. वीज गेली की केलेलं सगळं पुसलं जायचं. म्हणून जे टाइप केलं ते टेपरेकॉर्डरला वायर लावून कॅसेटवर उतरवायचं आणि दुसऱ्या दिवशी कॅसेटवरून परत पेटीत भरायचं. उतरताना आणि भरताना त्यातून एक किंचाळी निघायची, पाच-पाच मिनिटं, विहिरीचा रहाट वंगणावाचून ओरडतो तशी. टेपरेकॉर्डर आमचा होता. ह्यांनी हौसेनं आणलेला. एकदा फळीवरून पडला तेव्हापासून विकतच्या कॅसेटची गाणी त्यातून घोंगडीखालून आल्यासारखी यायची, म्हणून तो कुणी वापरत नव्हतं. रेवतीला दिला.

तर ही रेवती घरात येऊन महिना झाला नाही तोच आत्याबाईंना म्हणाली, तुम्ही ओव्या म्हणा, मी ह्याच्यात भरून ठेवते. आणि आत्याबाई गायल्या. दगड फिरल्याबिगर. माझ्यासमोर सात वर्षं न उघडलेला गळा त्या चार दिवसांच्या पोरीसमोर उघडला. त्यातही जुन्या नाहीत. रेवतीनंच एकदा भांडी विसळता विसळता आनंदानं सांगितलं, "अक्का, त्या नव्या रचतायत. तिथल्या तिथं."

मी "हो का," म्हटलं आणि पातेलं इतकं घासलं की तळाची कल्हई गेली.

नव्या ओव्या. माझ्या वाट्याला नवी एकही आली नव्हती. मी उचलायचे ती त्यांच्या सासूची, त्यांच्या आईची, मागल्या बायांची. आपल्या पोटातली ओवी त्यांनी ह्या पोरीसाठी राखून ठेवली होती. सहा महिने रोज दुपारी ती खोली त्या दोघींची. मी बाहेर, धुरात. कधी मुद्दाम अनवाणी जायचे, दाराआड उभी राहायचे, पण माझ्या काकणांनी माझी चहाडी करायची सवय सोडली नाही. "आली बघ." आणि शांत.

पुढच्या पावसाळ्यात आत्याबाई अंथरुणाला खिळल्या. आधीच्या दुखण्यांत केलं तसं त्यांचं सगळं मीच केलं. रेवतीला ते जमायचं नाही, तिचे हात थरथरायचे. शेवटच्या दिवसांत आत्याबाई माझा हात धरून ठेवायच्या. काही म्हणतील असं वाटायचं. म्हणाल्या नाहीत.

वर्षश्राद्धाला माणसं जमली. जेवणं उरकल्यावर भाऊजींनी, म्हणजे रेवतीच्या नवऱ्यानं, वसंतभाऊजींनी, टीव्ही ओसरीवर आणला. रेवतीनं पेटी जोडली, आमच्या टेपरेकॉर्डरात कॅसेट घातली. ती किंचाळी सुरू झाली तशी पोरं कान झाकून हसली. मग काचेवर इंग्रजी अक्षरांत मराठी ओव्या उमटायला लागल्या, एक पुसली की दुसरी. बायांना इंग्रजी अक्षरं कुठली वाचता येणार, म्हणून भाऊजी मोठ्यानं वाचत होते. मी मॅट्रिकपर्यंत गेलेली. मलाही वाचता येत होतं.

*धुराच्या लोटामंदी रेवती माझी दिसंना*
*काकणांच्या वाजण्यानं जीव माझा भिईना*

भाऊजी वाचताना अडखळले. मला वाटलं, यंत्राला गाता येत नाही, त्याला कोण काय करणार. पुढची आली.

*आजारपणामंदी उशाला कोण बाई*
*पाण्याचा गडू घेऊन रेवती माझी उभी राही*

रेवती. प्रत्येक ओवीत रेवती. चुलीपाशी रेवती, उशाशी रेवती, दिवेलागणीला दारात रेवती. त्या पोरीनं त्या घरात चूल फुंकली असेल ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. माझा धूर, माझा गडू, माझी काकणंसुद्धा म्हातारीनं तिच्या अंगावर घातली होती. माया आंधळी असते असं ऐकलं होतं, ती इतकी आंधळी असेल हे त्या दिवशी कळलं.

माझ्या नणंदबाई मोठ्या मनमोकळ्या. त्या म्हणाल्या, "धाकटीनं जिंकली की गं आमची म्हातारी. इंदू, तू कुठं हाईस यात?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. रेवती तेवढी हसली नाही, पेटीच्या बटणांवर वाकून बसली होती. मला तो तिचा तोरा वाटला. मी उठले आणि पन्नास माणसांची खरकटी भांडी एकटीनं घासली. कुणाला हात लावू दिला नाही.

वर्षभरात भाऊजींची बदली झाली, ती दोघं पुण्याला गेली. जाताना तिनं पेटी नेली, कॅसेट नेली. टेपरेकॉर्डर आमचा, तो राहिला.

दहा-अकरा वर्षांनी तिचा फोन आला. ख्यालीखुशाली झाली आणि मग म्हणाली, अक्का, तो जुना टेपरेकॉर्डर आहे का हो? आत्याबाईंच्या ओव्या काढायच्यात, दुसऱ्या कुठल्याही टेपवर कॅसेट लागत नाही. टेपरेकॉर्डर माझ्यासमोर होता. माझ्या ट्रंकेत, जुन्या इरकलीत गुंडाळलेला.

मी म्हटलं, "अगं, तो कधीच भंगारात गेला."

इतक्या सहज खोटं माझ्या तोंडून त्याआधी कधी गेलं नव्हतं. फोन ठेवल्यावर ट्रंकेवर बसून राहिले. वाटलं, असू देत आता. ज्या ओव्यांत मी नाही, त्या कुणालाच नकोत.

दोन हजार दहाच्या उन्हाळ्यात रेवती स्वतःच आली. कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणारी, पंचेचाळिशीतच केस पांढरे, चष्मा जाड. हे सेलमला होते. आमच्या विट्याची माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात मुलूखभर पांगलेली, त्यातलेच हे. घरात मी एकटी. तिनं जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडला, एक नवा कोरा टेपरेकॉर्डर मांडला, वायरी पसरल्या आणि पिशवीतून ती कॅसेट काढली.

तिनं समजावून सांगितलं. आता जुन्या पेटीची गरज नाही. कॅसेटवरची किंचाळी वायरीतून लॅपटॉपमध्ये घ्यायची, लॅपटॉप ती ऐकून तिची अक्षरं करतो. पण किंचाळी स्वच्छ पाहिजे. एक सूर जरी दबला तरी सगळं फिसकटतं.

"कॅसेटला बुरशी धरायला लागलीय," ती म्हणाली. "आता नाही निघालं तर नाहीच निघणार. म्हटलं, जिथं भरली तिथंच बसून शेवटचं बघावं."

दिवसभर ती बघत होती. कॅसेट फिरायची, लॅपटॉपवर हिरवी रेघ थरथरायची आणि मध्येच लाल अक्षरं यायची. ती बारीक स्क्रू-ड्रायव्हरनं नव्या टेपच्या पोटातला एक स्क्रू पिळायची, पुन्हा लावायची. पुन्हा लाल. मी पलीकडे बसून गवार मोडत होते. मोडून झाली तरी मोडलेलीच मोडत होते.

"काय होतंय नक्की?" मी शेवटी विचारलं.

"तुमच्या त्या टेपचं डोकं, म्हणजे फीत वाचणारं हेड, पडल्यापासून तिरकं बसलं होतं, अक्का. त्या तिरक्या डोक्यानं लिहिलंय सगळं. सरळ डोक्याला ते वाचता येत नाही." तिनं चष्मा काढून डोळे चोळले. "मी ह्याचं तिरकं करून बघतेय, पण तेवढंच तिरकं जमत नाही."

मला हसू आलं. डोक्याचा तिरकेपणा कुणाला शिकवून येतो होय.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं वायरी गुंडाळायला घेतल्या. गुंडाळता गुंडाळता म्हणाली, "मला त्यातली एकही पाठ नाही. मी नुसतं टाइप केलं. तुम्हाला तर गळा आहे. आत्याबाईंची एखादी म्हणा ना."

मी म्हणायला गेले. जात्यावरचीच, जुनी, शंभरदा उचललेली. पहिलं चरण आलं. दुसऱ्याशी काहीच नव्हतं. जीभ उचलली आणि तशीच राहिली. दुसरी घेतली, तिचंही शेपूट गेलेलं. मला वाटत होतं, माझ्याकडे निदान जुन्या तरी आहेत. त्या मी नुसत्या आहेत आहेत म्हणत होते. आत्याबाईंचं माझ्यापाशी काही उरलं नव्हतं. जे काय उरलं होतं ते त्या बुरशी लागल्या फितीत होतं, आणि त्यात रेवती होती.

रेवतीनं वर बघितलं नाही. पण तिचे हात थांबले होते.

मी उठले. ट्रंक उघडली, इरकल सोडली आणि टेपरेकॉर्डर तिच्यापुढे आणून ठेवला. म्हटलं, असू दे, तिचं नाव तर तिचं नाव. शब्द तरी आत्याबाईंचे.

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. मी खिडकीतून शेवग्याच्या झाडाकडे बघत होते.

"भंगारवाल्यानं परत आणून दिला वाटतं," ती म्हणाली.

"चांगला होता बिचारा," मी म्हटलं.

तिनं तो खोलला. आतला रबरी पट्टा वितळून डांबरासारखा चिकटला होता. तिनं नव्या टेपचा पट्टा काढून त्याला चढवला, कापसानं चाकं पुसली. पण त्या तिरक्या डोक्याला हात लावला नाही. फुंकरसुद्धा अलगद मारली, निजलेल्या मुलाच्या कपाळावर मारतात तशी. एकेकाळी थरथरणारे तिचे हात त्या दुपारी एकदाही थरथरले नाहीत. मला ते आवडलं, आणि आवडलं म्हणून राग आला.

तिनं कॅसेट लावली.

ती किंचाळी. वीस वर्षांनी पुन्हा माझ्या घरात. आधी एक लांब सरळ सूर, मग तुटका, मग खडखडाट. लॅपटॉपवरची हिरवी रेघ नाचत होती आणि लाल काही येत नव्हतं. पाच मिनिटं आणि काही सेकंद. कॅसेट खटकन थांबली.

"निघालं," रेवती म्हणाली. आवाज इतका बारीक की मला ओठांवरून कळलं.

तिनं काहीतरी दाबलं आणि काचेवर ओळी उतरल्या. वर्षश्राद्धाला दिसल्या होत्या तशा नाहीत. प्रत्येक ओळीच्या आधी एक आकडा, मध्ये डॉलरच्या खुणा, स्वल्पविराम, अवतरणचिन्हं. मी चष्मा शोधेपर्यंत तिनं ते पान झरकन खाली ओढलं. तिचा चेहरा बदलला होता. एखाद्याला घरात शिरल्या शिरल्या ओळखीचा वास यावा तसा.

"अक्का," ती म्हणाली, "चहा टाकता का जरा?"

म्हणजे झालं. बावीस वर्षांनी, माझ्या घरात, माझ्या टेबलावर, मलाच पुन्हा बाहेर काढणं. माझ्या मनाला जुनी वाट चांगली पाठ होती, ते धावत जाऊन चुलीपाशी बसलं. मी उठले. गॅस पेटवला. पाणी ठेवलं. साखर किती टाकली कुणास ठाऊक. कान भिंतीला होते. आता बटणांची टपटप होईल, आता होईल. मला बाहेर काढून तिला काहीतरी करायचं होतं, ते मला कळलं होतं, काय ते कळत नव्हतं.

टपटप झाली नाही.

पाण्याला आधण आलं. मी गॅस बंद केला. या वेळी अनवाणी जायचं नाही असं ठरवलं. चपला वाजवत, काकणं वाजवत गेले आणि दारात उभी राहिले.

रेवतीचं एक बोट लॅपटॉपच्या कोपऱ्यातल्या बटणावर होतं. दाबलेलं नव्हतं, नुसतं ठेवलेलं. मला बघून तिनं ते उचललं आणि दोन्ही हात मांडीवर घेतले. मग लॅपटॉप माझ्या खुर्चीकडे फिरवला.

"बसा," ती म्हणाली. "हे बटण दाबलं असतं तर एक ओळ गेली असती. तुम्हाला कधी कळलं नसतं."

मी बसले.

"त्या पेटीत जागा फार थोडी असायची. एकच नाव सारखं सारखं लिहिलं की जागा भरायची. म्हणून मी ओवीत नाव लिहिलंच नाही. नावाच्या जागी ही डॉलरची खूण. आणि अगदी वर एकदाच सांगून ठेवलं, ह्या खुणेच्या जागी हे नाव घाल. मग दोनशे ओव्या असल्या तरी पेटी प्रत्येकीत ते नाव भरते." तिनं पान वर नेलं. "ही दहा नंबरची ओळ. वाचा."

मी चष्मा लावला. एकेक अक्षर बोटानं धरून वाचलं. आय. एन. डी. यू.

पुन्हा वाचलं. तेच होतं.

त्याच्या खाली अकरा नंबर होता. त्यात नाव रेवतीचं.

"दोन नावं सांगितली की पेटी शेवटचं धरते," रेवती म्हणाली. "अकरा नंबर मी वर्षश्राद्धाच्या सकाळी घातला. दहावी पुसायला हात धजला नाही. नुसती तिच्याखाली दुसरी ठेवली."

खिडकीतून ऊन टेबलावर आलं होतं, त्या टेपरेकॉर्डरच्या फुटक्या कोपऱ्यावर. मला आत्याबाईंचा हात आठवला, शेवटच्या दिवसांतला, सुटता न सुटणारा. मनात त्या ओव्यांत मी माझं नाव ठेवून बघितलं. एकदाही अडखळायला झालं नाही. धुराच्या लोटामंदी. पाण्याचा गडू घेऊन.

"मग मी आले की गप्प का व्हायच्या त्या?" मी विचारलं.

"म्हणायच्या, सुनेचं गुणगान तिच्या कानावर पडलं की दृष्ट लागते. आणि आईची लागली तर उतरत नाही म्हणायच्या." ती जराशी हसली. "मी मध्येच थांबले तर मला रागवायच्या. अगं भर की पेटीत, ती मागारी गेली बघ."

मला रागावायला हवं होतं. पन्नास माणसांच्या खरकट्याचं, दहा वर्षांच्या ट्रंकेचं, सगळ्याचं. राग वर आलाही. पण ती माझ्यासमोर बसली होती, पांढऱ्या केसांची, मांडीवर हात ठेवून, आणि तिच्या तोंडावर जे होतं ते माझ्या ओळखीचं होतं. चुलीपाशी बसून मी ते इतकी वर्षं स्वतःच्या तोंडावर वागवलं होतं.

"का केलंस गं?" मी म्हटलं.

तिनं त्या दहा आणि अकरा नंबरवर बोट ठेवलं. चौदा वर्षं झाली आता त्या दुपारलाही, पण तिनं मग जे सांगितलं ते तिच्याच आवाजात अजून माझ्या कानात आहे.

"मी सहा महिने रोज दुपारी त्यांच्यासमोर बसले, अक्का. नवी होते. वाटायचं, आज तरी एखादी माझी येईल. दोनशे अकरा ओव्या टाइप केल्या मी. मला त्यांनी एकदाही गायलं नाही."